बांधावरची मोजणी

बाळासो खाड्यानं गवत कापायचं मशीन खांद्याला अडकवून दोरी ओढली, तेव्हाच मी खुरपं खाली ठेवलं. माझं रान त्याच्या खालच्या अंगाला. वर त्याचं सोयाबीन, त्याच्या पलीकडं शांतिनाथ मगदुमाचं सोयाबीन आणि दोघांच्या मधी तो बांध. त्या बांधाला कुणी हात लावला की आमच्या बोरमाळात भांगलण आपोआप थांबते.

बांध तरी केवढा. पाच-सहा फूट रुंद, वर निरगुडी, घाणेरी, कमरेएवढं गवत आणि मधोमध एक करंजाचं आडवं खोड. अकरा वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात ते झाड पडलं. बाळासो म्हणाला झाड माझं, शांतिनाथ म्हणाला माझं. दोघांनीही एकमेकाला कुऱ्हाड लावू दिली नाही. झाड तिथंच पडून कुजलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद झालं म्हणजे भांडण बंद झालं असं नव्हे. ते तिसऱ्याच्या मार्फत चालायचं. तिसरा माणूस मिळाला नाही तर म्हैस चालायची.

मशीनचा आवाज ऐकून शांतिनाथ तरातरा बांधापाशी आला आणि बाळासोच्या बायकोकडं बघून म्हणाला, "बनाक्का, इचारा ह्यास्नी. कुणाच्या बांधावर मशीन घातलंय?"

बनाबाई भाकरीचं फडकं सोडत होती. तिनं मान वर केली नाही. अकरा वर्षं निरोप पोचवून ती कंटाळली होती. मग बाळासोनं मशीन बंद करून म्हशीकडं तोंड केलं. "चंद्रे, सांग त्यास्नी. आमच्या बांधावर घातलंय. साप-किरडू समदं हितनंच येतंय."

"चंद्रे, बांध सामाईक हाय म्हणावं."

"मोजणीचा अर्ज टाकलाय म्हणावं. साहेब येऊन रेघ मारूंदे, मग माझ्या वाटणीचा बांध फोडून मी सोयाबीनच्या चार वळी जास्तीच्या घालणार हाय. जेला बघवत न्हाय तेनं डोळं झाकावं."

चंद्रा दोघांकडं पाळीपाळीनं बघत रवंथ करत होती. तिच्या आधी तिच्या आईनंही हेच काम केलं होतं.

एवढ्यात पाणंदीतून एक स्कूटर हेलकावत आली. वर एक चष्मेवाली पोरगी आणि पुढं पायांत हे एवढं पोतं. पोरगी उतरली, थेट बांधावर आली आणि त्या कुजक्या खोडाकडं असं बघत राहिली, जसं आपण दुसऱ्याच्या बैलजोडीकडं बघतो.

"पावणं कुणीकडचं?" बाळासोनं विचारलं.

"मी संयोगिता. कसबा बावड्याहून आले. कॉलेजात किड्यांवर अभ्यास करते, काका. हा बांध कुणाचा?"

"माझा," दोघं एकदम म्हणाले.

तिला वाटलं, दोघं भाऊ असतील. तिनं पोत्याचं तोंड सोडलं. आत प्लॅस्टिकचे कप. बनाबाईला पहिल्यांदाच त्या सकाळी काहीतरी बरं वाटलं. "चहा आणलायस व्हय गं?"

"चहा नाही, मावशी. हे कप जमिनीत पुरायचे. तोंड बरोबर जमिनीच्या पातळीला. रात्री भुईवरून पळणारे भुंगेरे त्यात पडतात. सकाळी मोजायचे. वीस कप ह्या रानात, वीस त्या रानात आणि वीस बांधावर."

भुंगेरे म्हटल्यावर बाळासोच्या अंगावर काटा आला. आमच्याकडं भुंगेरा म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणीचा बाप. "पोरी, भुंगेरं माराय आमी बल्ब लावून रातरातभर बसतोय, आणि तू मोजालीयस?"

"ते वेगळे, काका. ते लिंबावर, बाभळीवर बसून पाला खातात. हे भुईवरचे. पाल्याला तोंड लावत नाहीत. अळ्या खातात, किड्यांची अंडी खातात. दिवसा बांधाला लपतात, रात्री रानात चरायला येतात. मला एवढंच बघायचंय, की बांध असला तर रानात किती येतात."

शांतिनाथ जैन. तो सूर्य मावळायच्या आत जेवणारा माणूस, पाऊल टाकताना भुई बघून टाकणारा. त्यानं हळूच विचारलं, "मोजून झाल्यावर काय करणार?"

"बाटलीत घालून नेतात, अण्णा. औषधात."

"म्हंजे मारून."

"हो."

"मग माझ्या रानात न्हाय."

बाळासोला राहवलं नाही. "चंद्रे, फवारणी करताना ह्यांचा धरम कुठं जातोय, इचार की."

"चंद्रे, ती नाइलाजाची असतीया," शांतिनाथ म्हणाला. "ही हौसेची."

पोरगी म्हणाली, "बरं. मारणार नाही. रोज सकाळी येऊन जिवंत मोजते आणि तिथंच सोडते. पण दिवाळीपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही."

शांतिनाथ लगेच तयार झाला. तो तयार झाला म्हटल्यावर बाळासोला नाही म्हणणं भागच होतं. "आमाला जमणार न्हाय," तो म्हणाला आणि मशीनची दोरी परत हातात घेतली.

तेव्हा बनाबाई उठली. तिनं फडक्याला हात पुसले. "पुर गं पोरी तुझं कप. सातबाऱ्यावर ह्या पट्टीला माझं नाव हाय. माझ्या बानं दिलीया."

बाळासोनं दोरी सोडली.

दुसऱ्या दिवसापासून कपांची पेरणी झाली. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून प्रत्येक कपाभोवती तीन खडे ठेवून त्यावर नारळाची करवंटी पालथी घालायची. साठ करवंट्या कुठून आणायच्या, तर शांतिनाथची बायको अंजना दोन दिवस गावातनं घरोघर फिरली आणि पोतं भरून घेऊन आली. लांबनं बघणाऱ्याला वाटावं, रानात साठ बुटकी माणसं टोप्या घालून बसलीत.

पण मोजणीत एक अडचण होती. आज पकडलेला किडा उद्या परत पडला, तर तो तोच की दुसरा, हे कळायचं कसं? संयोगितानं पिशवीतनं नखाला लावायच्या रंगाच्या तीन बाटल्या काढल्या. गुलाबी, जांभळी, चंदेरी. किड्याच्या पाठीवर एक बारीक ठिपका द्यायचा.

"माझ्या किड्यास्नी गुलाबी चालणार न्हाय," बाळासो म्हणाला. आता ते त्याचे किडे झाले होते.

मग खाड्यांचे जांभळे, मगदुमांचे गुलाबी आणि बांधावरचे चंदेरी असं ठरलं. बनाबाईचा हात रांगोळीचा. ती डाव्या चिमटीत किडा धरायची आणि उजव्या हातानं असा ठिपका द्यायची, की किड्यालाही कळू नये. पलीकडनं अंजना गुलाबी लावायची. अकरा वर्षं ज्या दोघी आठवडी बाजारात चोरून बोलत होत्या, त्या आता बांधावर मांडीला मांडी लावून किडे रंगवत बसायला लागल्या. वर स्वतःच्या नखांनाही थोडं थोडं लावून घ्यायच्या, उरलंसुरलं म्हणून.

इथवर सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते डेअरीवर.

संयोगिता जाताना तिथं पाणी प्यायला थांबायची. विश्वजित म्हणून एक पोरगा डेअरीत दुधाची फॅट बघतो. त्यानं विचारलं आणि तिनं सरळ मनानं सांगितलं, की आज मगदुमांच्या रानात एकोणचाळीस, खाड्यांच्या रानात अकरा. आणि वर म्हणाली, रानाला जीव असला की किडे जास्त असतात.

दुसऱ्या दिवशी बाळासोनं किटली पुढं केली आणि विश्वजित म्हणाला, "तात्या, फॅट बरी हाय तुमची. पण रान मेलंय म्हणत्यात."

रांगेत पंधरा माणसं होती. हसलं नाही असं एकही नव्हतं, मी धरून.

बाळासो घरी गेला तो जेवला नाही. "एकोणचाळीस," तो भिंतीला म्हणाला. बनाबाईनं विचारलं, काय एकोणचाळीस? तो म्हणाला, काय न्हाय.

पुढच्या आठवड्यापासून खाड्यांच्या रानातले आकडे वाढायला लागले. अठरा. सव्वीस. चाळीस. एकावन्न. डेअरीवर बाळासो आता सगळ्यात पुढं उभा राहायला लागला. "माझ्या रानात शेणखत असतंय," तो न विचारता सांगायचा. "जीव शेणाला येतोय, पुडीतल्या खताला न्हाय."

संयोगिता मात्र वहीकडं बघून चष्मा पुसायची आणि परत बघायची. खाड्यांच्या कपात पडणारे किडे निम्मेअर्धे गुलाबी होते. म्हणजे मगदुमांचे. एका रात्रीत बांध ओलांडून दीडशे पावलं चालून ते खाड्यांच्याच कपात पडत होते आणि उलट एकही जांभळा तिकडं जात नव्हता. तिनं कॉलेजात सरांना फोन केला. सर म्हणाले, असं कुठं वाचलं नाही, मी स्वतः बघायला येतो.

वाचलेलं असणार कसं? बाळासो पहाटे फटफटायच्या आत उठून मगदुमाच्या कपातले आणि बांधावरच्या कपातले किडे काढायचा, टोपीत घालायचा आणि स्वतःच्या कपात नेऊन टाकायचा. हे आम्हाला नंतर कळलं.

एक दिवस पावसाची बारीक भुरभुर चालू होती. टोपीत आठ-दहा किडे होते. दोन्ही हात लागावेत इतका चिखल. बाळासोनं काय करावं? टोपी अलगद डोक्यावर घातली. त्या किड्यांत एक थोरला होता, काळाकुट्ट, अंगठ्याएवढा, पाठीवर सहा पांढरे ठिपके. हा किडा चिडला की मागनं फवारा मारतो आणि तो फवारा तेजाबासारखा असतो. बाळासोच्या डोक्यावर केस बेताचेच.

मी त्या वेळी माझ्या गोठ्यात धार काढत होतो. ओरड ऐकून मला वाटलं, साप चावला. धावत गेलो तर बाळासो मोटरच्या पाइपाखाली डोकं धरून बसलेला. "काय झालं तात्या?" म्हटलं. तो म्हणाला, "काय न्हाय. डोस्कं धुवालोय." एवढ्या पहाटे, पावसात, शेतात येऊन डोकं धुणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

टाळूवर रुपयाएवढा फोड आला. गावात तीन दिवस चर्चा. कुणी म्हणालं गरम तेल सांडलं, कुणी म्हणालं बनाबाईनं तवा मारला. बनाबाईनं कुणाचंच खोडून काढलं नाही. बाळासोनं टोपी सोडून स्टीलचा डबा धरला, पण खोड सुटली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर टाळू जळली होती.

सर यायचे त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पहाट. उजाडलं नव्हतं, पण माणूस ओळखू यावं एवढं झालं होतं. बाळासो मगदुमाच्या रानातनं भरलेला डबा घेऊन बांध चढला आणि बघतो तर त्याच्या स्वतःच्या रानात, त्याच्याच कपात हात घालून शांतिनाथ ओणवा बसलेला.

बाळासोला आधी रागच आला. चोर. मग हातातल्या डब्यात किडे खुडबुडले आणि राग कुठं ठेवावा कळेना. त्यानं इकडंतिकडं बघितलं. बनाबाई नाही, म्हैस घरी. निरोप द्यायला कुणीच नव्हतं. शेवटी तो करवंटीला म्हणाला, "इचार ह्यास्नी, दुसऱ्याच्या रानात काय करालेत."

शांतिनाथ दचकून उभा राहिला. ओंजळीत पाच-सहा किडे. त्यानं करवंटीकडं बघितलं, मग बाळासोकडं बघितलं आणि त्याला तो फोड दिसला.

"बाळू," तो म्हणाला, "डोस्क्याला काय झालंय तुझ्या?"

अकरा वर्षांत बाळू म्हणून कुणी हाक मारली नव्हती. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे तेव्हाची ती हाक.  बाळासो करवंटीला न विचारता म्हणाला, "किडा मुतला."

"आनि डोस्क्यावर कसा गेला?"

"टोपीत हुता."

"टोपीत कशापाय?"

बाळासोनं डबा पुढं केला. शांतिनाथनं झाकण उघडलं. आतले सगळे गुलाबी आणि चंदेरी. त्याला सगळं एकदम उमगलं. तो हसला नाही. शांतिनाथ हसायचा तेव्हा त्याचं पोट हलायचं, ते तेवढं हलत होतं.

"आता तू सांग," बाळासो म्हणाला. "माझ्या कपात हात का घाटलास?"

"अरं, तुझ्या एकेका कपात धा-बारा किडी कोंबल्याली असत्यात. ती एकमेकाचं पाय तोडत्यात. थोरला बारक्याला खातोय. मला मागल्या आठवड्यात दिसलं, जेवण गेलं न्हाय. म्हणून उजाडायच्या आत येऊन सोडून देतोय. माझ्या कपातलीबी सोडतोय, पण तिथं हल्ली काय गावतच न्हाय." तो थांबला. "आता कळलं का गावत न्हाय ते."

एक भरत होता, दुसरा सोडत होता आणि मधी त्या पोरीची वही चालली होती.

सात वाजता संयोगिता आली तर दोघं करंजाच्या खोडावर शेजारी शेजारी बसलेले. डबा मधे. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. बाळासोनं उभं राहून सगळं सांगितलं. टोपीपासून. चुकलेलं शांतिनाथनं पुरं केलं.

ती खोडावरच बसली. वही उघडली, चार पानं चाळली. "सहा आठवडे," ती म्हणाली. "सर उद्या येतात. मी त्यांना सांगितलं, खाडेकाकांच्या रानाकडं गुलाबी किड्यांची ओढ आहे."

"ओढ न्हवं गं पोरी," बाळासो म्हणाला. "मी वढत हुतो."

ती रडते की काय म्हणून दोघं घाबरले. ती रडली नाही. तिनं ती पानं फाडली, घडी घातली आणि बाळासोच्या हातात दिली. "ही तुमची. सरांना मी सांगते काय ते. पण आता आजपासून दिवाळीपर्यंत मला खरे आकडे पाहिजेत. मी येईपर्यंत कपांना कुणी हात लावायचा नाही."

"ह्याला एकट्याला सोडू नकोस," शांतिनाथ म्हणाला.

"ह्यालाबी सोडू नकोस," बाळासो म्हणाला.

म्हणून मग दोघांनीच एकमेकाची राखण करायची असं ठरलं. रोज पहाटे दोघं खोडावर येऊन बसायचे आणि पोरगी येईपर्यंत उठायचे नाहीत. किड्यांच्या मारामारीवर अंजनानं उपाय काढला. प्रत्येक कपात चिमूटभर पाचोळा आणि खापराचा तुकडा घातला. बारक्याला लपायला जागा झाली आणि शांतिनाथचं जेवण सुरू झालं.

श्रावणात अळी आली. हिरवी, पाठीवर कुबड काढून चालणारी. सोयाबीनच्या पानांची चाळण व्हायला लागली. बाळासोनं पंप धुवून ठेवला, औषध आणून ठेवलं. पण पहिल्या दिवशी राखण संपेपर्यंत थांबावं लागलं.

दोघं खोडावर बसले होते. बनाबाई भाकरी घेऊन तेव्हाच आली होती, म्हणून हे मला तिच्याकडनं कळलं. समोरच्या सरीतनं तो सहा ठिपक्यांचा किडा काहीतरी ओढत आणत होता. जवळ आल्यावर दिसलं, अळी. किड्यापेक्षा लांब. तो उलटा चालत तिला फरफटत खोडाकडं नेत होता.

"कुणाची अळी ती?" बाळासोनं विचारलं.

"तुझ्या सरीतनं आली. तुझी."

"आणि किडा?"

"जांभळा ठिपका हाय. तुझाच."

"मग असूंदे."

किडा त्यांच्या पायांमधनं खोडाखाली शिरला. शांतिनाथनं मान फिरवली होती. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "झालं?"

"झालं. पाप कुणाला लागतंय रं ह्याचं?"

"तेचं तेला. आपण नुस्तं बसलोय."

बाळासोनं त्या दिवशी आख्खं रान चालून बघितलं. रानाच्या मधी पानं चाळणीसारखी, पण बांधाला लागून असलेल्या आठ-दहा वळी बऱ्या होत्या. तो परत आला, बांधाकडं बघितलं, रानाकडं बघितलं. मधल्या भागात त्यानं फवारणी केली. बांधाच्या बाजूला पंप नेला नाही. "औषध संपलं," असं तो बनाबाईला म्हणाला. औषधाचा डबा निम्मा भरलेला तिला दिसत होता.

भादव्यात, सकाळी सात वाजता, मोजणीचे साहेब आले.

बाळासो अर्ज केलेलाच विसरला होता. नोटीस आलेली बनाबाईनं डाळीच्या डब्याखाली ठेवली होती. साहेबांच्या बरोबर तिकाटणं, मशीन, दोन माणसं आणि लाल निशाणं. साहेब बांधावर चढायला लागले तर बाळासो आडवा झाला.

"पावणं, पाय जपून. हितं मोजणी चालू हाय."

साहेब थांबले. "कसली मोजणी? मोजणीला तर मी आलोय."

"तुमची मागनं. आधी आमची पोरगी मोजंल."

साहेबांनी आयुष्यात पुष्कळ बांध बघितले असतील, डोकी फुटलेली बघितली असतील. पण दोन बायका किड्यांना रंग लावतायत, एक पोरगी वहीत लिहितेय आणि वादी-प्रतिवादी खांद्याला खांदा लावून आपल्याला बांधावर चढू देत नाहीत, हे त्यांनी बघितलं नव्हतं. ते पाणंदीत स्कूटरवर टेकून अर्धा तास बसले. अंजनानं त्यांना चहा दिला. कपातनं दिला म्हणून त्यांनी आधी आत डोकावून बघितलं.

मग त्यांची मोजणी झाली. नकाशा काढला, मशीन लावलं, माणसं पळवली. हद्दीची रेघ आली ती बरोबर करंजाच्या खोडाच्या मधोमध. बुंध्याकडचं निम्मं बाळासोचं, शेंड्याकडचं निम्मं शांतिनाथचं.

साहेब म्हणाले, "हे खोड हलवा. इथं दगड रोवायचाय."

"खोड हलणार न्हाय," दोघं म्हणाले.

संयोगितानं हळूच सांगितलं, की साठ कपांत सगळ्यात जास्त किडे ह्याच खोडालगतच्या चार कपांत पडतात. अकरा वर्षं कुणी उचललं नाही, म्हणून ते कुजलं, म्हणून त्याखाली एवढा जीव झाला. दोघांनी खोडाकडं बघितलं. भांडणाचं असं फळ येतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मग निशाणी कुठं करू?" साहेबांनी विचारलं.

बाळासोनं बनाबाईच्या हातातली चंदेरी बाटली घेतली, बसला आणि खोडाच्या मधोमध एक ठिपका दिला. जरा मोठाच दिला. साहेबांनी तो बघितला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेऊन गेले. काय लिहिलं ते अजून कुणी वाचलेलं नाही.

दसऱ्याला सोयाबीन निघालं. दोघांचं सारखंच, म्हणजे ना लई ना थोडं. संयोगिता म्हणाली, "एका सालावरनं काही सांगता येत नाही, काका. पुढच्या सालीही बघायला पाहिजे. आणि तुलनेला एक असं रान पाहिजे, ज्याला बांधच नाही."

तिघांनी माझ्याकडं बघितलं.

आता माझं सांगायचं म्हणजे, मी चारी बाजूंनी दरसाल थोडा थोडा नांगर घालून माझे बांध पार वीतभर करून टाकलेत. हे मी कुठं बोललो नाही, कारण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आमच्याकडची रीत. पण पोरीनं इतक्या प्रेमानं विचारलं, की नाही म्हणवलं नाही. शाळू पेरला होता, त्यात वीस कप पुरले. वीस करवंट्या अंजनाक्कानं दिल्या.

पहिला आठवडा, शून्य. दुसरा आठवडा, मुंग्या आणि एक बेडूक. बाळासो आणि शांतिनाथ राखण झाली की माझ्या रानात यायचे, एकेक करवंटी उचलून आत बघायचे आणि मयताला आल्यासारखं तोंड करून परत ठेवायचे.

"शेणखत घाल विजू," बाळासो म्हणायचा.

"बांध सोड जरा," शांतिनाथ म्हणायचा.

डेअरीवर विश्वजित मला काही बोलत नाही. माझी किटली आली की तो नुसता मान हलवतो. खरं सांगतो, एका पहाटे मी बाळासोच्या बांधापर्यंत जाऊन उभा राहिलो होतो. हातात डबा होता. पण दोघं खोडावर बसलेले दिसले आणि मी लघवीला आल्यासारखं करून परत फिरलो.

मग परवा तिसऱ्या कपात एक किडा सापडला. थोरला, सहा ठिपक्यांचा, पाठीवर जांभळा रंग. बाळासोचा. मी ओरडूनच सगळ्यांना बोलावलं. संयोगितानं वहीत लिहिलं, तारीख घातली, पावलं मोजली, एकशे दहा भरली. ती इतकी खूश झाली, की सरांना तिथनंच फोन केला.

बाळासो मात्र किडा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं, मग माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं बघितलं.

"टोपी काढ बघू, विजू," तो म्हणाला.

मी टोपी काढून दाखवली. टाळूवर फोड नव्हता. तरी गावभर तो सांगत सुटलाय, की माझा किडा विज्यानं चोरला, आणि शांतिनाथ त्याला साक्षीला उभा राहतो. तो किडा आपल्या पायानं चालत आला होता. मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. पण पोरगी सोडली तर ऐकतंय कोण?

ह्या सालापासून मी वरच्या अंगाचा बांध हातभर सोडलाय.